एकसष्ट टाक्या

४ मार्च

ही वही घरची. ऑफिसची निराळी आहे. तिच्यात मॅडमनी रोजचं काम लिहायला सांगितलंय: किती घरं झाली, नमुन्याच्या किती बाटल्या भरल्या, कोण हजर, कोण गैरहजर. मत लिहायचं नाही, अशी ताकीद आहे. छप्पन्नाव्या वर्षी माणसाकडे मतांशिवाय उरतं काय? म्हणून ही दुसरी वही. बायकोनं विचारलं, काय लिहिताय? म्हटलं, तळ्याचं. म्हणाली, "तळ्याचं काय लिहायचं? ते हिरवं आहे. झालं."

आज तळ्याच्या योजनेची पहिली बैठक झाली. काठावर ‘पोहण्यास मनाई’ची पाटी लागून हा तिसरा उन्हाळा. पाण्यावर शेवाळाची साय धरते, मासे पोट वर करून काठाला लागतात, आणि दुपारी वाऱ्याची दिशा बदलली की शाळेच्या खिडक्या बंद कराव्या लागतात. घाण कुठून येते ते आधी शोधायचं आणि काय करायचं ते एप्रिलअखेरच्या सभेपुढं मांडायचं, असं नगरपालिकेनं ठरवलंय. काम मॅडमकडे आहे. मॅडम म्हणजे नव्या अभियंता. वय चौतीस. बोलतात कमी, लिहून घेतात फार.

पूर्व काठावरची एकसष्ट घरं माझ्या वाट्याला आली. तिथं ड्रेनेजची लाइन नाही, प्रत्येक घराची आपापली सेप्टिक टाकी आहे. मॅडमनी विचारलं, "बावीस वर्षांपूर्वी या टाक्या बांधल्या तेव्हा तपासणी तुमच्याकडेच होती ना?"

मी म्हटलं, "माझ्याकडेच. एकूण एक टाकी या डोळ्यांनी पाहिली आहे."

"मग तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?" असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

सगळ्यांसमोर कुणी अनुभवाची कदर केली की बरं वाटतं. उगीच नाकारू कशाला?

५ मार्च

टाक्या उपसायला टँकर लागणार. टँकर चालवतो गोठेवाला. त्याला अजून सगळे गोठेवालाच म्हणतात, गोठा जाऊन सहा वर्षं झाली तरी. तळ्याला वरच्या अंगानं ओढा मिळतो, त्या ओढ्याकाठी त्याच्या बत्तीस गाई होत्या. अर्ध्या गावाला दूध त्याचं. मग तळ्याचं पाणी बिघडायला लागलं, काठावरच्या घरांनी तक्रारी केल्या, नगरपालिकेनं नोटीस काढली आणि गोठा हलवावा लागला. हलवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून गाई विकल्या. पुढं नगरपालिकेतच टँकरवर लागला.

नोटीस द्यायला मीच गेलो होतो. मजकूरही माझाच होता. पण ते काम होतं, आणि ही गोष्ट तोही समजतो. आज भेटला तेव्हा "किती वाजता निघायचं साहेब?" एवढंच विचारलं. राग धरून बसणारा माणूस नाही.

९ मार्च

रंगाची चाचणी सुरू. पद्धत सोपी आहे. घराच्या संडासात हिरव्या रंगाची पूड टाकायची, तीन बादल्या पाणी ओतायचं आणि पुढचे दोन दिवस समोरच्या काठावर लक्ष ठेवायचं. टाकी धड असेल तर रंग टाकीतच राहतो.

पद्धत सोपी असली तरी लोक सोपे नाहीत. दुसऱ्या नंबरच्या मुख्याध्यापिकाबाई निवृत्त आहेत. त्यांनी आमच्यासाठी संडास इतका घासला होता की आत पाय ठेवायला मलाच संकोच वाटला. पाचव्या घरात सासरे आत होते ते पाऊण तास बाहेर येईनात. सून म्हणाली, "त्यांना वाटतंय, तुम्ही त्यांचीच तपासणी करायला आलात." सातव्या घरात बाईंनी विचारलं, रंग उडाला तर भिंतीला डाग पडतील का, मग भरपाई कोण देणार?

गोठेवाला बादल्या भरून देतो आणि दाराबाहेर उभा राहतो. आत या म्हटलं तरी येत नाही.

दिवसात आठ घरं झाली.

११ मार्च

पहिल्या आठ घरांसमोरचं पाणी स्वच्छ. म्हणजे स्वच्छ नाही, पण रंग नाही. मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "छान. पुढच्या घरांचं बघू." मी म्हटलं, बांधकाम पक्कं आहे, आमच्या वेळची कामं अशीच होती. त्यांनी मान हलवली.

आज डबा जरा जास्तच गोड लागला.

१४ मार्च

नवव्या घरासमोर हिरवं आलं. दहाव्यासमोरही आलं.

आधी गोठेवाल्यानं पाहिलं. मी म्हटलं शेवाळ असेल. त्यानं पाण्यात काचेची बाटली बुडवली आणि उन्हात धरली. शेवाळाचा हिरवा वेगळा आणि हा वेगळा. हा डोळ्यात टोचतो.

अकरावं घर अध्यक्षांचं. काठावरच्या रहिवाशांच्या संघाचे ते अध्यक्ष. गोठ्याच्या वेळी तक्रारीवर पहिली सही त्यांची होती. त्यांनी टाकीच्या झाकणावर कुंड्या मांडल्यात, सतरा. म्हणाले, "ओव्हरसियर, आमच्याकडे कशाला वेळ घालवता? ते बदकांचं बघा. शंभरेक बदकं आहेत, ती काय कागदात गुंडाळून टाकतात?" आमच्या टँकरकडे त्यांनी पाहिलंच नाही. झाकण बघायला गोठेवाल्यानं सतराच्या सतरा कुंड्या उचलून बाजूला ठेवल्या, आणि काम झाल्यावर होत्या त्याच क्रमानं परत मांडल्या.

१६ मार्च

अध्यक्षांच्या घरासमोरही हिरवं.

१७ मार्च

मॅडमना टाक्यांची जुनी फाइल हवी आहे. बावीस वर्षांपूर्वीचे तपासणीचे दाखले. रेकॉर्डरूममध्ये असेल, असं म्हणाल्या. मी म्हटलं, तिथं दोनदा पाणी शिरलं होतं, मिळेल असं वाटत नाही. "तरी बघा. तुम्हाला फाइल ओळखता येईल, म्हणून तुम्हालाच सांगते."

एवढ्या मोठ्या योजनेत इतक्या जुन्या कागदांचं काय काम, मला कळत नाही. आजचं पाणी आज तपासायचं.

१८ मार्च

फाइल मिळाली. वरच्या फळीवर, कोरडी ठणठणीत. घरी आणली आहे. रेकॉर्डरूमचं छत गळतं, तिथं ठेवणं बरं नव्हे. कपाटात स्वेटरच्या खाली ठेवली.

मॅडमना सांगितलं, शोध चालू आहे.

२४ मार्च

आजपासून टाक्या उपसून आत बघायच्या. आत कुणी उतरायचं नाही, वायू असतो, माणूस हूं की चूं न करता जातो. वरून दिवा सोडायचा आणि टोकाला लोखंड लावलेला लांब बांबू तळावर आपटायचा. काँक्रीट असेल तर ठण्ण वाजतं.

पहिल्या आठ टाक्या ठण्ण वाजल्या. मुख्याध्यापिकाबाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक ठण्णला "शाबास" म्हणत होत्या.

नववी उपसली. गोठेवाल्यानं बांबू सोडला. आवाजच आला नाही. बांबू हातभर आत गेला. वर ओढला तर टोकाला काळी माती.

तो म्हणाला, "साहेब, हिला तळच नाही."

मी म्हटलं, "खचला असेल."

"खचला तर तुकडे लागतील."

"बावीस वर्षांत विरघळला असेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पाइप गुंडाळायला लागला. काँक्रीट विरघळत नाही हे मलाही माहीत आहे, पण त्या क्षणी तोंडातून निघून गेलं. ऑफिसच्या वहीत ‘तळ खचलेला’ असं लिहिलंय.

२७ मार्च

दहा, अकरा, बारा, तेरा. एकालाही तळ नाही. चारही ठिकाणी ‘खचलेला’ लिहिलं. सगळ्या एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं कशा खचतील असं कुणी विचारलं तर जमिनीचा गुण म्हणून सांगता येईल. तळ्याकाठची जमीन मऊ असतेच.

जेवण जात नाही. टाक्यांच्या वासानं असेल.

३ एप्रिल

दुपारी बांधावर बसून डबे खाल्ले. वीस टाक्या झाल्यात. मी सहज विचारलं, गाईंची आठवण येते का? विचारायला नको होतं, पण शांतता फार झाली होती.

तो म्हणाला, "गाईंची येते, पण गाई काय, विकल्या त्या चांगल्या घरी गेल्या. आईचं वाईट वाटतं."

त्याची आई म्हातारी आहे. आधी सगळं दूध तीच काढायची. नोटीस आली त्याच आठवड्यात समोरच्या घरातली बाई दारात येऊन म्हणाली की तुमच्या घाणीनं माझं पोर तापलं. तेव्हापासून म्हातारी उंबऱ्याबाहेर पडली नाही. बाजार नाही, शेजार नाही, कुणाच्या लग्नाला नाही. "सहा वर्षं. कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसते. म्हणते, मी गावाचं पाणी नासवलं."

मी म्हटलं, "तसं कुणी म्हणत नाही आता."

"कागदावर तसंच आहे ना पण," तो म्हणाला. मग झाकण लावून डबा पिशवीत ठेवला. "साहेब, एक विचारू? तेव्हा ओढ्याचं पाणी तपासलं होतं का?"

मी म्हटलं, बघावं लागेल. फार वर्षं झाली.

बघावं लागणार नाही. तपासलं नव्हतं. वास आला होता, अध्यक्षांचा रोज फोन येत होता, आणि गोठा म्हटलं की कुणाला शंका येत नाही. परवा मॅडमनी ओढ्याच्या तोंडाचा नमुना घेतला. अख्ख्या तळ्यात तेवढंच पाणी त्यातल्या त्यात बरं आहे. ‘गोठा सहा वर्षांपूर्वी गेला, आता बरं असणारच,’ असं मी स्वतःला सांगितलं. पण गोठा गेल्यावर तळं सुधारलं नाही, उलट बिघडत गेलं, आणि हे रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या मला दिसत होतं.

९ एप्रिल

रहिवासी संघानं नगरपालिकेला पत्र दिलंय. त्यांना कारंजी हवीत. तळ्याच्या मधोमध तीन कारंजी, रंगीत दिव्यांची. कारंज्यानं पाण्यात हवा खेळते, पाणी आपोआप सुधारतं, असं म्हणणं आहे. कुठंच खणायला नको आणि दिसायलाही छान. अर्ध्याहून जास्त नगरसेवक तिकडे झुकलेत. मॅडमचं म्हणणं, पूर्व काठाला ड्रेनेजची लाइन टाकून सगळ्या टाक्या बंद कराव्यात. त्याशिवाय कारंजी म्हणजे घाण पाणी उंच उडवणं.

सभा २८ तारखेला. टाक्यांचा अहवाल माझा.

संध्याकाळी बायको कपाट आवरत होती. फाइल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि टेबलावर ठेवली.

"हे स्वेटरखाली काय करतंय?"

मी छताचं गळणं सांगितलं. तिनं खुर्ची ओढली आणि फाइल उघडली. मला थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. पहिल्या आठ दाखल्यांवर निरनिराळ्या तारखा आहेत. नवव्यापासून एकसष्टपर्यंत त्रेपन्न दाखल्यांवर एकच तारीख, एकच शाई.

"एका दिवसात त्रेपन्न?" ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं, इतकी वर्षं मनात होतं तसंच. तेव्हा लेक झाली होती, दवाखान्यात जायची घाई होती, अधीक्षक म्हणाले सह्या करून टाका, आठ पक्क्या निघाल्यात म्हणजे बाकीच्याही निघतील. मी ठेकेदाराच्या खोलीत बसून सह्या केल्या आणि तुझ्याकडे धावलो.

तिनं तारीख पुन्हा पाहिली. म्हणाली, "लेक त्याच्या आधीच्या महिन्यात झाली. या तारखेला मी माहेरी होते."

मी फाइल मिटली.

"चहा करू का?" तिनं विचारलं. तो तिनं केला, मी प्यायलो.

१० एप्रिल

खरं काय ते लिहून ठेवतो. त्या दिवशी ऊन फार होतं. अधीक्षक म्हणाले, सह्या करून टाका. मी केल्या. मग घरी आलो आणि झोपलो. कुणी दबाव आणला नाही, कुणी काही दिलं नाही, लेकही त्या दिवशी झाली नव्हती. टाक्या बघायला उन्हात जावं लागलं असतं, एवढंच. त्याआधी चार-पाच दिवस मी रोज जात होतो, आणि ठेकेदाराला ते माहीत होतं. बाकीचे खड्डे तेव्हा नुसते खणलेले होते; मी यायचा थांबलो आणि तळ घालायचे थांबले.

‘एकूण एक या डोळ्यांनी पाहिली’ असं मी मॅडमना म्हणालो तेव्हा खोटं बोलतोय असं मला खरोखर वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. माझी ऑफिसची वही समोर उघडी.

"तळ खचलेला, तळ खचलेला," त्यांनी बोट फिरवत वाचलं. "आतापर्यंत एकतीस. सगळे खचले?"

मी म्हटलं, "जमीन मऊ आहे."

"पहिल्या आठांखालची कडक आहे का?"

त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "अहवाल तुम्हालाच लिहायचाय. सभेत वाचायचाही तुम्हालाच. मी दुसऱ्या कुणाला देऊ शकले असते, पण मला वाटलं, तो तुम्हीच लिहावा. घाई नाही, २६ तारखेपर्यंत द्या." मग म्हणाल्या, "फाइल मिळाली का?"

मी शोध चालू आहे म्हणालो. ‘घाई नाही’ म्हणाल्या हे चांगलं केलं. तरुण असून माणसाला सांभाळून घेतात.

२१ एप्रिल

एकसष्ट पूर्ण. त्रेपन्न टाक्यांना तळ नाही.

२३ एप्रिल

फाइल मॅडमना दिली. म्हटलं, घरी होती. महिनाभर माझ्या कपाटात होती. आणि त्रेपन्न दाखले न बघता दिलेत, अहवालात तसं लिहितो.

मला वाटलं होतं रागावतील किंवा निदान चकित होतील. त्यांनी फाइल घेतली आणि उघडलीसुद्धा नाही, सरळ खणात ठेवली. खणात तसल्याच जुन्या दाखल्यांचा एक गठ्ठा होता, त्यावर ठेवली. बहुधा कामात होत्या. एवढंच म्हणाल्या, "बसा. पाणी घ्या."

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आज जेवाल नीट." जेवलो.

२८ एप्रिल

सभा दुपारी तीनला होती. सभागृह भरलेलं, मागं लोक उभे. अध्यक्षांनी कारंज्यांचं मोठं चित्र फळीवर लावून आणलं होतं. चित्रातलं पाणी निळं होतं.

आधी ते बोलले. मग मला बोलावलं. अहवाल चार पानांचा. पहिली दोन पानं रंगाची, बांबूची, आकड्यांची. ती वाचताना आवाज बरा होता. तिसऱ्या पानावर थांबलो. मोठे साहेब, म्हणजे मुख्याधिकारी, म्हणाले, "वाचा."

वाचलं. "या त्रेपन्न टाक्यांना बांधतानाच तळ घातलेला नव्हता. त्या तपासल्याचा दाखला प्रस्तुत अधिकाऱ्यानं न तपासता दिला." कुणीतरी मागून ओरडलं, "प्रस्तुत म्हणजे कोण?" मी म्हटलं, "मी."

मग गोंधळ झाला. अध्यक्ष उभे राहिले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही..." एवढं म्हणून ते थांबले, कारण पुढचं वाक्य त्यांनाच नको होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते पूर्ण केलं. "आपणच आपल्या दारात, हो." लोक हसले. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुमच्यासारख्यांना तर..." ते म्हणाले, आणि मग बरंच म्हणाले. खोटं काही नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं.

मी खाली बसणार तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनीच विचारलं, "मग त्या गोठ्याचं काय? तो कशाला बंद केला?"

हे चार पानांत नव्हतं. चौथं पान योजनेचं होतं. मी मॅडमकडे पाहिलं, त्या लिहीत होत्या. मी म्हटलं, "गोठ्याचा दोष होता असं कधी सिद्ध झालं नव्हतं. ओढ्याचं पाणी तपासलंच नाही. नोटीस मी अंदाजानं लिहिली." एकदोघांनी मान खाली घातली. तक्रारीवर तेव्हा बेचाळीस सह्या होत्या, आणि त्यातले निम्मे लोक समोर बसले होते.

ड्रेनेजचा ठराव अकरा विरुद्ध आठ मतांनी झाला. कारंज्यांचं चित्र लोकांच्या पायाखाली आलं, ते शिपायानं उचलून ठेवलं.

बाहेर आलो. टँकर फाटकाशी उभा होता आणि गोठेवाला चाकापाशी बसला होता. खिडक्या उघड्या होत्या, त्यानं सगळं ऐकलं असणार. मी समोर जाऊन उभा राहिलो. काय म्हणायचं ते पायऱ्या उतरता उतरता ठरवत आलो होतो. तोंडातून निघालं, "चुकलं माझं."

तो उठला, हात झटकले. म्हणाला, "बोललात ते हवेत गेलं साहेब. नोटीस कागदावर आली होती. मला कागद द्या."

२९ एप्रिल

त्याचं बरोबर आहे. नोटीस रद्द करायचा अर्ज मी स्वतः टाईप करून आवक खात्यात दिला. कारकून म्हणाला, अशी जुनी नोटीस रद्द करायचा नमुनाच नाही. म्हटलं, तयार करू.

१६ मे

माझी चौकशी लागली. तोवर तळ्याच्या कामावरून काढून जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसवलंय. सकाळी मृत्यू, दुपारी जन्म. इथं कुणी न बघता सही करत नाही, कारण समोर माणूस उभा असतो.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. तिच्या जन्माचं निमित्त मी इतकी वर्षं मनाशी पुढं केलं होतं, तेही सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, चौकशीत हे सांगू नका, फार वाईट दिसेल." मग हसली. मग रडली थोडी. आई कुठाय, म्हणाली.

७ जून

पूर्व काठावर खोदाई सुरू झाली. माझ्या खिडकीतून यंत्राचा आवाज येतो. कुणी तक्रार करत आलं तर लोक माझ्याकडे बोट दाखवतात. जन्मदाखला न्यायला आलेल्या एका बापानं विचारलं, "हे नीट बघितलंय ना?" मी त्याच्यासमोर सगळ्या रकान्यांवर बोट फिरवलं.

अर्जाचा चौथ्यांदा पाठपुरावा केला. कागद विधी खात्यात आहे.

२ जुलै

विधी खात्यात कागद सापडत नाही. दुसरी प्रत दिली. तिसरी माझ्या पिशवीत असते.

११ ऑगस्ट

आदेश निघाला. मोठ्या साहेबांची सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं रीतसर. शिपायाबरोबर पाठवणार होते. मी मागून घेतला आणि दुपारच्या सुट्टीत गोठेवाल्याच्या घरी गेलो.

गल्ली अरुंद आहे, घरं एकमेकांना टेकलेली. त्यानं दार उघडलं. मी कागद पुढं केला. तो हात पुसायला आत गेला, परत आला, उभ्या उभ्या वाचला. मग मागं वळून म्हणाला, "आई, बाहेर ये."

आतून आवाज आला, "कोण आलंय?"

"नगरपालिकेचे साहेब."

"आता काय न्यायला आलेत?"

मला बसायला स्टूल दिलं. मी बसलो नाही. म्हातारी दाराच्या चौकटीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. ठेंगणी आहे, हात मात्र मोठे. डोळ्यांना कमी दिसतं. तो कागद तिच्याकडे नेत होता, ती म्हणाली, "मला कुठं दिसतंय? ज्यांनी आणलाय त्यांनाच वाचू दे."

मी वाचला. "सदर गोठ्यामुळे तळ्याचे पाणी दूषित झाल्याचे कोणत्याही तपासणीत आढळून आलेले नाही. सबब सदर नोटीस चुकीची असल्याने ती काढल्याच्या दिनांकापासून रद्द करण्यात येत आहे."

"मला कळेल असं सांग."

"तुमच्या गाईंनी तळं नासवलं नव्हतं, आई."

"मग कुणी?"

"काठावरच्या घरांच्या टाक्या गळत होत्या. त्या तपासायचं काम माझं होतं. मी तपासल्या नाहीत. आणि तुमच्यावर लिहिताना तुमचंही पाणी तपासलं नाही."

तिनं हे ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो, शिव्या देईल, रडेल, जा म्हणेल. तिनं लेकाला विचारलं, "खरंच तसं लिहिलंय?" तो म्हणाला, "तसंच लिहिलंय." मग मला म्हणाली, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचला. या वेळी ती ओठ हलवत होती. ‘चुकीची’ या शब्दाशी तिनं हात वर केला, तिथून परत घ्यायला लावलं.

मग ती भिंतीला धरत दारापर्यंत आली. उंबऱ्याशी थांबली. समोरच्या घराची खिडकी बंद होती, आत कुणीतरी भांडी घासत होतं. तिकडे हनुवटी करून म्हणाली, "ती आहे ना घरात?"

लेक म्हणाला, "आहे. आई, राहू दे आता."

"तू गप." मग माझ्या दंडाला हात लावून मला तिनं पायरीवर उभं केलं. "इथून वाच. ती आली होती तेव्हा इथंच उभी राहून बोलली होती, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं."

मी पायरीवर उभा राहून वाचायला लागलो. दोन खिडक्या उघडल्या. एक बाई ओल्या हातानं दारात आली आणि मला बघून तिथंच थबकली. गोठेवाला चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होता. माझा आवाज दुसऱ्या ओळीतच बसला.

मागून म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं."

मी खाकरलो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.